उभ्या इंजिनातलं तेल

चार-सहा महिने जागची न हललेली गाडी सुरू करायची वेळ आली की पार्किंगमध्ये दोन मतं हमखास ऐकू येतात. एक मत असं, की इतक्या दिवसांत इंजिनातलं सगळं तेल खाली उतरलेलं असतं. थेट सेल मारलात तर धातूवर धातू घासेल, म्हणून आधी कसंही करून तेल वर चढवून घ्या. दुसरं मत असं, की काही होत नाही, किल्ली फिरवा आणि निघा. मुलं परदेशी असल्यामुळे पुण्यातल्या सोसायटीत झाकून ठेवलेली गाडी, कोकणातल्या घरी पावसाळाभर पडवीलगत उभी असलेली गाडी, वडील गेल्यापासून कुणी न चालवलेली गाडी, अशा गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर हा प्रश्न घरोघरी एकदमच पडला.

माझं उत्तर आधीच सांगतो. काही आठवडे किंवा काही महिने उभ्या राहिलेल्या धडधाकट इंजिनाला सुरू करण्याआधी तेल पाजण्याची गरज नसते. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या आणि नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला मात्र ती असते, आणि तिथे आळस केला तर इंजिन हातचं जाऊ शकतं. या दोन्ही विधानांमागचं कारण एकच आहे. ते समजून घेतलं की कुणाच्या सल्ल्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

इंजिनाच्या तळाशी ऑइल चेंबर असतो आणि त्यात साधारण तीन ते पाच लिटर तेल असतं. क्रँकशाफ्टच्या जोरावर फिरणारा पंप ते ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि ब्लॉकमध्ये पाडलेल्या बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत, तिथून वर हेडमधल्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. इंजिन बंद झालं की पंप थांबतो आणि तेल उतरायला लागतं. यातलं बहुतेक तेल काही मिनिटांतच चेंबरमध्ये परत येतं. डिपस्टिक बघण्याआधी थोडं थांबा असं सांगतात, ते याचसाठी. फिल्टरमधलं तेल मागे वाहून जाऊ नये म्हणून पुष्कळ फिल्टरांत रबराचा एक पडदा असतो. तो कडक झाला किंवा फिल्टर हलक्या दर्जाचा असला, तर सकाळच्या पहिल्या सेलला टॅपेटचा क्षणभर खडखडाट ऐकू येतो.

म्हणजे तेल खाली उतरतं हे पहिल्या मताचं निरीक्षण बरोबर आहे. पण ते उतरणं काही तासांतच जवळपास पूर्ण होतं. तेलाच्या दृष्टीने रात्रभर उभी असलेली गाडी आणि दोन महिने उभी असलेली गाडी यांत फरक फार थोडा आहे. उतरलेल्या तेलामुळे इंजिन खरोखर कोरडं फिरत असतं, तर रोज सकाळी कामावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची बेअरिंगं वर्षभरात खलास झाली असती. ती दीड-दोन लाख किलोमीटर टिकतात. तेव्हा उतरलेल्या तेलापेक्षा मागे राहिलेल्या तेलाकडे बघायला हवं.

इथे १८८३ सालच्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण यंत्रांच्या इतिहासातल्या इतक्या सुंदर गोष्टी थोड्याच आहेत. बोशाँ टॉवर नावाचा इंग्रज अभियंता ब्रिटनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या धुऱ्यांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. फिरत्या धुऱ्याचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वरच्या अर्ध्या भागावर पितळी बेअरिंग टेकलेलं, अशी रचना होती. बेअरिंगला वरून तेल सोडावं म्हणून त्याने माथ्यावर अर्ध्या इंचाचं भोक पाडलं. धुरा फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल आत जाईना, उलट आतलंच तेल वर येऊन सांडायला लागलं. त्याने भोकाला बूच मारलं, तर बूच हळूहळू बाहेर ढकललं गेलं. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र चौरस इंचाला केवळ १०० पौंड होता.

या कोड्याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली मांडलं. धुरा बेअरिंगच्या बरोबर मध्यावर कधीच फिरत नाही, किंचित एका बाजूला असतो. त्यामुळे दोघांमधली फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळती होते. फिरणारा धुरा आपल्या अंगाला चिकटलेलं तेल या निमुळत्या जागेत ओढून नेतो. तिथे कोंडलेल्या तेलात इतका दाब तयार होतो, की ते धुऱ्याला सगळ्या भारासकट उचलून धरतं. धातू धातूला शिवतच नाही. आजच्या कुठल्याही गाडीची क्रँकशाफ्ट याच पद्धतीने तरंगत फिरते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. भार तोलून धरणारा दाब पंप निर्माण करत नाही, तो धुऱ्याच्या फिरण्यातून येतो. बेअरिंगच्या कडांतून सतत बाहेर पडणाऱ्या तेलाची भरपाई करणं आणि उष्णता वाहून नेणं हे पंपाचं काम. म्हणून सेल मारल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांसाठी पंपाचं ताजं तेल यायच्या आधी फटीत असेल तेवढं तेल पुरतं. ते किती लागतं? समजा, बेअरिंगचा व्यास ५० मिलिमीटर, रुंदी २० मिलिमीटर आणि फट मिलिमीटरचा चाळिसावा भाग आहे. ही पूर्ण फट भरायला एक-दोन थेंब तेल लागतं. आणि इतक्या चिंचोळ्या फटीतून ते एक-दोन थेंब सहजी गळून जात नाहीत. तेलाचा हात फिरवून फडताळात ठेवलेला बिडाचा तवा महिन्यांनी काढला तरी बोटाला ओशटपणा लागतो. इथे तर बेअरिंगच्या दोन्ही अंगांनी तेलाला धरून ठेवलेलं असतं. दीर्घकाळ पडून असलेलं इंजिन मेस्त्री उघडतात, तेव्हा बेअरिंगच्या वाट्या तेलाने ओल्याच निघतात.

त्याखाली आणखी एक संरक्षण असतं, जे कधी गळतच नाही. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक झीजरोधक रसायन मिसळलेलं असतं. इंजिन गरम असताना जिथे धातू धातूला घासतो तिथे, म्हणजे मुख्यतः कॅम आणि टॅपेटवर, त्याचा काचेसारखा कठीण थर जमतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा हा थर धातूला रासायनिक बंधाने जखडलेला असतो. तेल पूर्ण निथळलं तरी तो जागेवर राहतो. हेडमध्ये तेल सर्वांत शेवटी पोचतं, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत कॅमला खरा आधार याच थराचा.

आता भाराचा हिशेब करू, कारण सगळा निर्णय त्यावर ठरतो. लहान मोटारीच्या क्रँकशाफ्टचं वजन साधारण १५ किलो धरा. ते पाच बेअरिंगांवर वाटलं, तर दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोचाही दाब पडत नाही. एवढ्या वजनाने फटीतलं तेल पूर्ण पिळून निघत नाही. पण इंजिन जोरात ओढत असताना ७५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर जळत्या वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या घरात जाऊ शकतो. पिस्टनचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तो रेटा दोन टनांहून अधिकचा झाला. इंजिन स्वस्थ आयडलवर फिरत असेल तर यातला थोडाच भाग बेअरिंगवर येतो. मधला फरक तुमच्या उजव्या पायाच्या हातात आहे. महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी सुरू झाली की दोन-तीनदा जोरात रेस देऊन ‘मोकळी’ करायची पद्धत आहे, ती म्हणूनच सोडावी. वर तेल अजून चढतंय आणि आपण भार टनांत नेतो. टर्बो असेल तर आणखीच सांभाळावं, कारण त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्यालाही तेल याच पंपाकडून मिळतं. सुरू झाल्यावर अर्धा मिनिट शांत राहू द्या आणि मग हळू निघा, एवढं पुरे.

‘मग जहाजावर आधी तेल का फिरवतात?’ हा प्रश्न मर्चंट नेव्हीतल्या कुणाही माणसाने विचारावा असा आहे. तिथे मुख्य इंजिन सुरू करण्याआधी तेलाचा स्वतंत्र विजेचा पंप चालवतात आणि टर्निंग गिअर लावून इंजिन सावकाश फिरवतात. मग सिलिंडरच्या झडपा उघड्या ठेवून आत कुठे पाणी शिरलंय का तेही बघतात. फरक आकाराचा आहे. जहाजाच्या क्रँकशाफ्टचं वजन अनेक टनांत, मोठ्या इंजिनात तर शंभर टनांपलीकडे जातं. नुसतं उभं राहूनही ते बेअरिंगमधलं तेल पिळून काढू शकतं. तेलाच्या वाटा मजलोन्‌मजले उंच असतात, आणि पिस्टनच्या दांड्याखालचं एक बेअरिंग पूर्ण गोल न फिरता नुसतंच झुलत राहतं, त्यामुळे टॉवरला सापडलेला तो दाब तिथे पुरता तयारच होत नाही. रुग्णालयांतल्या मोठ्या जनरेटरांनाही असा पंप जोडलेला आढळतो. वीज गेल्यावर त्या इंजिनाला काही सेकंदांत पूर्ण भार उचलायचा असतो, अर्धा मिनिट आयडलवर थांबायची सोय त्याला नसते. मोटारीसाठीही असे पंप आणि दाबाखाली तेल साठवून ठेवणाऱ्या टाक्या बाजारात मिळतात. शर्यतीच्या गाड्यांना वेगात वळताना तेल एका बाजूला सरकतं, तिथे अशी टाकी खरोखर कामी येते. घरच्या गाडीला ती लावणं म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध.

थंडीचं कारणही आपल्याकडे लागू पडत नाही. तेलाच्या डब्यावरच्या आकड्यांतलं डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यातला पातळपणा सांगतं. 5डब्ल्यू तेल उणे ३५ अंश सेल्सिअसलाही पंपाला ओढता आलं पाहिजे, असा दंडक आहे. आपल्या जुन्या गाड्यांत सर्रास वापरलं जाणारं 20डब्ल्यू-40 उणे २० पर्यंत ओढता येतं. नाशिक-निफाडच्या कडाक्याच्या पहाटेही आपण यापासून फार दूर असतो. कॅनडात किंवा मिनेसोटात राहणाऱ्या आपल्या माणसांना मात्र जानेवारीत योग्य तेल आणि ब्लॉक गरम ठेवणारा हीटर, दोन्हींचा विचार करावाच लागतो.

तेलाच्या जाहिरातींत एक वाक्य वारंवार येतं, की इंजिनाची बहुतांश झीज सुरू होण्याच्या क्षणी होते. त्यातले टक्के मनावर घेऊ नयेत. इंजिन, हवामान आणि वापर यांनुसार झीज बदलते. सुरुवातीच्या काळात झीज जास्त होते हे खरं आहे, पण तिचं कारण मुख्यतः वेगळं आहे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिलं, की सिलिंडरची भिंत थंड असताना ज्वलनातून निघालेली वाफ तिच्यावर दवासारखी जमते, त्यात आम्लं विरघळतात आणि ती धातू खातात. शिवाय थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं, ते भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. म्हणजे झीज होते ती इंजिन गार असल्यामुळे, तेल उशिरा आल्यामुळे नव्हे. आधी तेल पाजून इंजिन गरम होत नाही.

यातूनच आपल्याकडच्या एका प्रेमळ पण घातक सवयीकडे यावं लागतं. गाडी वापरात नसली की कुणीतरी चार दिवसांनी खाली जातं, ती पाच मिनिटं चालू ठेवतं आणि बंद करून वर येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. हे साधं रसायनशास्त्र आहे. गरम इंजिनात ते वाफ होऊन बाहेर पडतं. पाच मिनिटांच्या आयडलवर इंजिन नीट तापतच नाही. मग त्यातलं काही पाणी सायलेन्सरमध्ये साचून तो आतून गंजवतं, काही पिस्टन रिंगांच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळतं. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट-पिवळा लगदा दिसतो तो याचाच. सेलने बॅटरीतून ओढलेली वीजही एवढ्या वेळात धड भरून निघत नाही. गाडी फिरवायचीच असेल तर दोन-तीन आठवड्यांनी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा. ते जमत नसेल तर तिला हात न लावणं बरं. लांब मुदतीसाठी ठेवणार असाल तर ऑइल बदलून ठेवा; परत आल्यावर बदलू असं म्हणू नका, कारण वापरलेल्या तेलातली आम्लं आणि पाणी तेवढे महिने बेअरिंगांच्या संगतीत राहतात. हॅन्डब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. वर्षं उलटतात तशी बेअरिंगांपेक्षा जास्त काळजी सिलिंडरांची करावी लागते. चार सिलिंडरांचं इंजिन कुठेही थांबलं तरी साधारणपणे एखाद्या सिलिंडरची झडप उघडीच राहते. तिथून बाहेरची हवा आत शिरते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्या हवेत काय असतं ते सांगायला नको. भिंतीवरचा तेलाचा पातळ थर एक-दोन पावसाळे तग धरतो, पुढे बीड गंजायला लागतं आणि पिस्टनच्या रिंगा त्या गंजात धरल्या जातात. अशा इंजिनाला सेल मारला तर रिंग तुटू शकते किंवा भिंतीवर कायमचा ओरखडा उठतो. इथे आधी तेल हवंच, आणि तेही नेमक्या जागी.

चार-पाच वर्षं पडून असलेल्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत मी मेस्त्रीकडे हा क्रम मागेन. आधी उंदरांनी एअर फिल्टरमध्ये घरटं केलंय का, वायरी कुरतडल्यात का ते बघायचं. जुनं पेट्रोल काढून टाकायचं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा शोषून घेतं. जुनं ऑइल आणि फिल्टर बदलायचा. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडायचं आणि निदान एक रात्र मुरू द्यायचं. चमचाभरच, कारण तेल दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते जास्त साचलं आणि पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गोलाकार मांडणीच्या इंजिनांची जुनी विमानं सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवतात तो याच भीतीने. तिथे थांबलेल्या इंजिनातलं तेल खालच्या सिलिंडरांत उतरून साचतं.

मग प्लग बाहेरच ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पान्हा लावायचा आणि इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल आणि पुन्हा वाट. मोकळं फिरलं की इंधन पंपाचा फ्यूज आणि इग्निशनची जोडणी काढून, प्लगविनाच, दहा-दहा सेकंद सेल मारायचा आणि मध्ये अर्धा मिनिट थांबायचं. सेलवर इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेतं. प्लग नसल्याने दाब नाही, इंधन नसल्याने स्फोट नाही आणि भिंतही धुतली जात नाही. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा विझला की तेल वाटांत चढलं असं समजायचं. मोटारीला आधी तेल पाजणं म्हणतात ते इतकंच, आणि त्याला वेगळं यंत्र लागत नाही. पुष्कळ नव्या पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला की इंधन आपोआप बंद होतं. काही महिने उभ्या गाडीबाबत फारच धाकधूक वाटत असेल तर मॅन्युअल बघून हा उपाय करावा. त्याने नुकसान नाही.

नुकतंच बांधलेलं इंजिन हा प्रकार वेगळा. त्यात वाटा, फिल्टर, पंप सगळंच रिकामं असतं. मागे राहिलेलं तेल आणि कॅमवर जमलेला थर या दोन्ही जमेच्या बाजू तिथे नसतात. जोडताना मेस्त्रीने बेअरिंगांना हाताने लावलेलं तेल किंवा ग्रीस एवढीच शिदोरी. कोरडा पंप तर कधीकधी तेल ओढायलाच नकार देतो. जुन्या शेवरले व्ही-८ इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागी दांडा घालायचा आणि ड्रिल मशिनने पंप फिरवून तेल चढवायचं, अशी पक्की रीत आहे. आपल्याकडच्या बहुतेक इंजिनांत ती सोय नसते, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे प्लग काढून सेलवर फिरवतात. इंजिनकाम करून घेताना हे केलंत का, असा प्रश्न गाडीमालकाने विचारावा. त्यात संकोच कसला?

एवढं करून इंजिन सुरू झालं आणि ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर लगेच बंद करायचं. विझला तर आयडलवर थोडं राहू देऊन हलक्या पायाने चालवायचं. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ते ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलून टाकायचा आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून बघायच्या. गंजाची तपकिरी भुकटी दिसली तर ती अपेक्षितच आहे. तांबूस किंवा करडी चमकणारी कपची दिसली, तर बेअरिंग सोललं जातंय. गाडी तिथेच उभी करून चेंबर उघडायला सांगावा.